व्हँकुव्हरमधील संग्रहालये कशी पाहावीत

मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे व्हँकुव्हरला आलेल्या मराठी पाहुण्यांचा कार्यक्रम बहुधा स्टॅन्ली पार्क, कॅपिलानोचा झुलता पूल आणि व्हिस्लर यांतच संपतो. संग्रहालये पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवली जातात आणि मग राहूनच जातात. निदान एक संग्रहालय मुक्कामाच्या पहिल्या आठवड्यातच पाहावे, असे मी आग्रहाने सुचवेन. या किनाऱ्यावर हजारो वर्षे राहत आलेल्या समाजांची थोडी ओळख झाली, की पुढे दिसणारे देवदारवृक्ष, खाड्या आणि कोरीव खांब यांच्याकडे आपण अधिक जाणतेपणाने पाहू लागतो.

आखणी करताना नकाशा समोर ठेवावा. महत्त्वाची बहुतेक संग्रहालये तीन भागांत आहेत: शहराच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा परिसर, खाडीकाठचे व्हॅनियर पार्क आणि मध्यवर्ती डाउनटाउन. एका दिवशी एकच भाग घ्यावा. बस आणि स्कायट्रेन ही शहरी रेल्वे यांसाठी कंपास हे प्रवासाचे कार्ड काढावे, किंवा टॅप करता येणारे बँकेचे कार्ड वापरावे. बसमध्ये रोख पैसे देऊन घेतलेले तिकीट स्कायट्रेनच्या फाटकावर चालत नाही, हे नव्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. स्कायट्रेनमध्ये चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर असे दोन्ही वेळा कार्ड टेकवावे लागते, तर बसमध्ये फक्त चढताना. संग्रहालयांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि काही संग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात. म्हणून आदल्या दिवशी संकेतस्थळ पाहावे आणि ज्येष्ठांसाठी किंवा ठरावीक संध्याकाळी सवलत आहे का, हेही त्याच वेळी तपासावे.

एकच संग्रहालय पाहण्याइतका वेळ असेल, तर विद्यापीठातील मानववंशशास्त्र संग्रहालय निवडावे. सरे किंवा बर्नबी या शेजारच्या शहरांतून येणाऱ्यांनी स्कायट्रेनच्या एक्स्पो लाइनने कमर्शिअल-ब्रॉडवे स्थानकावर उतरून ९९ क्रमांकाची बस शेवटच्या थांब्यापर्यंत घ्यावी. तेथून पुढे बरेच चालावे लागते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना मोटारीने थेट दारापर्यंत नेणे बरे.

हे संग्रहालय मस्क्विअम या मूळनिवासी लोकांच्या पारंपरिक भूमीवर उभे आहे. १९७६ साली पूर्ण झालेली काँक्रीट आणि काचेची ही इमारत वास्तुविशारद आर्थर एरिक्सन यांनी किनारपट्टीवरील जुन्या खांब-तुळयांच्या घरांचा विचार करून रचली. भूकंपरोधक कामासाठी ती सुमारे दीड वर्ष बंद होती आणि २०२४ च्या जूनमध्ये पुन्हा उघडली. मोठ्या दालनात शिरताच उंच काचेच्या भिंतीतून येणाऱ्या उजेडात हैदा आणि इतर समाजांचे भव्य कोरीव खांब समोर येतात.

येथे आपल्या मनातील एक समजूत बाजूला ठेवावी लागते. हे खांब म्हणजे देवमूर्ती नव्हेत आणि त्यांची पूजा होत नसे. कावळा, अस्वल, लांडगा, देवमासा या आकृती विशिष्ट कुळांच्या वारशाची चिन्हे आहेत आणि त्या कोरून उभारण्याचा हक्कही त्या कुळाचाच असतो. मराठा कुळांतील देवक ज्यांना माहीत आहे, त्यांना यातील कुळाचा धागा चटकन कळेल. मात्र येथे ते चिन्ह मिरवण्याचा हक्क मोठ्या समारंभात, पाहुण्यांना साक्षी ठेवून आणि त्यांना भेटी देऊन सिद्ध करावा लागतो. पॉटलॅच नावाच्या या समारंभांवर कॅनडाच्या सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत बंदी घातली होती. त्या काळात अनेक मुखवटे आणि समारंभाच्या वस्तू जप्त झाल्या किंवा विकल्या गेल्या आणि जगभरच्या संग्रहालयांत पोचल्या. म्हणून वस्तूखालची पाटी वाचताना ती कोणत्या समाजाची, कोणी घडवलेली आणि येथे कशी आली, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. जेथे कलावंताचे नाव दिलेले नसते, ती रिकामी जागाही बरेच काही सांगते.

खांबांनंतर वाकवलेल्या लाकडाच्या पेट्यांजवळ जरूर थांबावे. देवदाराच्या एकाच फळीला तीन ठिकाणी आडव्या खाचा पाडून, ती वाफेवर मऊ करून, त्या खाचांवर वाकवली जाते. अशा रीतीने चार बाजूंची पेटी तयार होते आणि चौथा कोपरा तेवढा लाकडी खुंट्यांनी किंवा दोरीने शिवून जोडतात. वाकून पाहिले तर तीन कोपरे सलग आणि चौथ्यावर जोड, असे स्पष्ट दिसते. सुतारकामाची आवड असणाऱ्याचा येथे सहज अर्धा तास जाईल.

हैदा शिल्पकार बिल रीड यांचे १९८० साली पूर्ण झालेले ‘रेव्हन अँड द फर्स्ट मेन’ हे शिल्प वाळूवर मांडलेले आहे. हैदा कथेतील कावळ्याला किनाऱ्यावर शिंपला सापडतो आणि त्यात इवलीशी माणसे असतात, तो हा प्रसंग. शिल्पाभोवती पूर्ण फेरी मारावी, कारण एखादा माणूस उत्सुकतेने बाहेर डोकावतो, तर दुसरा भीतीने आत शिरतो, आणि हे एका बाजूने दिसत नाही. याच शिल्पकाराची कांस्याची मोठी होडी व्हँकुव्हर विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय प्रस्थान कक्षात आहे. तिच्यासाठी परतताना थोडे लवकर पोचावे.

व्हॅनियर पार्कमध्ये सागरी संग्रहालय आधी घ्यावे. ‘सेंट रॉक’ या लाकडी जहाजाभोवतीच ही इमारत उभारलेली आहे. १९२८ साली बांधलेले हे पोलिसांचे जहाज १९४० मध्ये व्हँकुव्हरहून निघाले आणि बर्फात अडकत, हिवाळे काढत, १९४२ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील हॅलिफॅक्सला पोचले. कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिक आणि अटलांटिक महासागरांना जोडणारा बर्फाळ वायव्य मार्ग पश्चिमेकडून पूर्वेकडे पार करणारे ते पहिले जहाज होय. १९४४ मध्ये परतीचा प्रवास मात्र ८६ दिवसांतच झाला. जहाजाचा आकार पाहून एवढ्याशा जागेत माणसे वर्षानुवर्षे कशी राहिली असतील, याचा अंदाज येतो. शेजारचे म्युझियम ऑफ व्हँकुव्हर शहराचा इतिहास सांगते.

डाउनटाउनमधील व्हँकुव्हर आर्ट गॅलरीत चित्रकार एमिली कार यांची अरण्यचित्रे प्रदर्शनात असतील, तर ती चुकवू नयेत. ही इमारत पूर्वी न्यायालय होती आणि भारतीयांसाठी तिला आणखी एक अर्थ आहे. १९१४ च्या मे महिन्यात ३७६ भारतीय प्रवासी घेऊन आलेल्या ‘कोमागाता मारू’ या जहाजाला बंदरात दोन महिने अडकवून ठेवून जुलैमध्ये परत पाठवण्यात आले आणि मोजके प्रवासी तेवढे उतरू शकले. भारतीयांवर पाळत ठेवणारा अधिकारी हॉपकिन्सन याला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेवा सिंग यांनी याच न्यायालयाच्या आवारात गोळ्या घातल्या. मेवा सिंग यांना पुढील जानेवारीत फाशी झाली. गॅलरीतून चालत कोल हार्बरच्या किनाऱ्यावर जावे. तेथे ‘कोमागाता मारू’चे स्मारक आहे आणि त्यावरील प्रवाशांची नावे वाचण्यासाठी वेळ ठेवावा.

लहान मुले बरोबर असतील, तर विद्यापीठाच्या परिसरातच असलेले बीटी जैवविविधता संग्रहालय मानववंशशास्त्र संग्रहालयाला जोडून घेता येते. तेथे सुमारे २६ मीटर लांबीच्या निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. प्रिन्स एडवर्ड बेटावर १९८७ मध्ये वाहून आलेला हा देवमासा तेथेच पुरला होता आणि दोन दशकांनी उकरून येथे आणला. मुलांना आधी हा सांगाडा दाखवावा आणि मग कोरीव खांबांकडे न्यावे. उलट क्रमाने गेल्यास ती दमतात आणि मोठ्यांनाही खांब नीट पाहता येत नाहीत.