विमानांच्या इतिहासात पीएचडी करायचं डोक्यात असेल तर

दरवर्षी एखाद-दोन मुलं तरी विचारतात, सर एव्हिएशन हिस्टरीत पीएचडी करायचीय, लहानपणापासून विमानांचं वेड आहे. वेड असू दे हो, पण तेवढ्यावर इथे अमेरिकेत भागत नाही. माझा पहिला पेपर म्हणजे राइट बंधूंचं पहिलं उड्डाण: १९०३, किटी हॉक, १२ सेकंद, १२० फूट, इंजिन कसं नि प्रोपेलर कसा. गाईडने परत दिला, एवढंच विचारलं, यात माणसं कुठेयत? दोन दिवस डोकं फिरलेलं होतं माझं.

मग बेसी कोलमन या वैमानिक बाईबद्दल वाचलं. काळी आणि त्यात बाई, म्हणून तिला अमेरिकेत कोणी विमान शिकवेना, तर ही पठ्ठी फ्रेंच शिकून फ्रान्सला गेली आणि १९२१ला लायसन्स घेऊनच परतली. १९३०ला पहिल्या एअर होस्टेस आल्या त्या चक्क नर्स होत्या, कारण विमानात बसायला लोक घाबरायचे. वॉशिंग्टनचा नॅशनल एअरपोर्ट १९४१ला सुरू झाला, एकदम मॉडर्न, पण तिथल्या मेन डायनिंग रूममध्ये काळ्यांना बसायला मिळालं ते १९४८च्या शेवटी. आता माझं सगळं काम याच बाजूचं आहे.

नोकरीचं स्पष्टच सांगतो. 'विमानांचा इतिहासकार पाहिजे' अशी जाहिरात जवळजवळ निघतच नाही, निघते ती विसाव्या शतकातली अमेरिका शिकवणारा पाहिजे अशी, म्हणजे कॉम्प्सपासूनच (प्रबंधाआधीची पीएचडीची मोठी परीक्षा) न्यू डील, सिव्हिल राइट्स, व्हिएतनाम सगळं पक्कं हवं आणि पुढे वर्गातही तेच, विमान आपलं अधूनमधून मागच्या दाराने येतं. १९७८चं डीरेग्युलेशन, म्हणजे विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं ते, शिकवताना मात्र पोरं जागी होतात, तिकिटांचे भाव प्रत्येकालाच कळतात ना.

अर्काइव्हचा, म्हणजे जुने मूळ कागद कुठे ठेवलेत याचा, विचार टॉपिक ठरवतानाच करा. दुसऱ्या महायुद्धात विमानं चालवणाऱ्या वास्प बायकांचे (ट्रेनिंग पुरं केलेल्या १,०७४) कागद टेक्सासला डेंटनमध्ये आहेत, टेक्सास वुमन्स युनिव्हर्सिटीत. पॅन ॲम ही विमान कंपनी १९९१ला बुडाली, तिच्या कागदांची खोकी फ्लोरिडात युनिव्हर्सिटी ऑफ मायामीकडे. ओहायोत मायामी युनिव्हर्सिटी आहे ती वेगळी, मी पहिला मेल तिकडेच ठोकला होता. राहण्याखाण्याला पैसे लागतात, स्मिथसोनियनच्या एअर अँड स्पेस म्युझियमच्या फेलोशिपना अर्ज करत राहा. आणि पेन्सिल न्या, रीडिंग रूममध्ये पेन चालत नाही.