एरिया सेफ आहे का? घर भाड्याने घ्यायच्या आधी स्वतः कसं बघायचं

पुण्यात घर बघताना एजंटला विचारा की एरिया सेफ आहे का, उत्तर ठरलेलं असतं, "एकदम फॅमिली एरिया आहे मॅडम, काही टेन्शन नाही." बहिणीसाठी वन बीएचके शोधत होते, ती एकटी राहणार आणि शिफ्ट सुटून घरी पोचेपर्यंत साडेदहा-अकरा होतात, म्हणून ठरवलं की यावेळी कोणाच्या शब्दावर जायचं नाही. जे केलं ते सांगते, कोणाला उपयोग होईल.

आधी शहराचा आकडा बाजूला ठेवा. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) रिपोर्टमध्ये २० लाखांवर लोकसंख्या असलेल्या १९ शहरांचे आकडे येतात, त्यात मुंबई, पुणे, नागपूर आहेत, आणि बातम्यांमध्ये जो क्राइम रेट दिसतो तो एक लाख लोकांमागे किती गुन्हे नोंदवले असा काढलेला असतो. पण तिथे शहरांची लोकसंख्या धरलेली असते २०११ च्या जनगणनेची, त्यानंतर शहर केवढं वाढलं ते आपण बघतोच आहोत. आणि तुम्ही घेणार ती गल्ली, अख्खं शहर नाही.

गल्लीची माहिती मिळते एफआयआरमधून. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं की एफआयआर वेबसाइटवर टाकायचे, त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' मध्ये जाऊन तारीख आणि पोलीस स्टेशन निवडलं की यादी येते. स्टेशन कुठलं ते नीट बघा मात्र, वाकड-हिंजवडी पुणे शहरात शोधाल तर सापडणार नाही कारण २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं आहे, आणि २०२४ मध्ये बाणेर, खराडी, वाघोली, नांदेड सिटी अशी नवीन स्टेशनं झाली, त्यामुळे जुन्या स्टेशनचा आकडा कमी झाला म्हणजे गुन्हे कमी झाले असं नाही, हद्दच बदलली.

यादीत कलमं दिसतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, त्यात ३०३ म्हणजे चोरी (गाडीचोरी यातच येते), ३०४ म्हणजे हिसकावणं, सोनसाखळी आणि मोबाईलवाले प्रकार, ३०५ घरातली चोरी, ३३१ घरफोडी, ३०९ जबरी चोरी. एवढी पाच लक्षात ठेवली तरी पुरे. ३१८ खूप दिसलं तर घाबरू नका, ती फसवणूक असते आणि त्यात ऑनलाइन वाली पण येतात, त्याचा गल्लीशी फारसा संबंध नसतो.

मी तीन महिन्यांचे काढले आणि एक रविवार बसून वाचले. नुसते मोजू नका, उघडून वाचाच, कारण त्यात घटनेची वेळ असते, पत्ता असतो, ठाण्यापासून किती अंतर आणि कोणत्या दिशेला ते पण असतं. "रात्री अकरा वाजता बिल्डिंगसमोर हँडल लॉक करून लावलेली मोटारसायकल सकाळी सात वाजता दिसली नाही" असं एका मागून एक येत गेलं की कळतं इथे प्रश्न पार्किंगचा आहे, आणि घरफोड्या दुपारच्या असतील तर रात्रीच्या वॉचमनचा तिथे काय उपयोग? कुठला गुन्हा, किती वाजता, कोणासोबत, हे तीन प्रश्न विचारा.

आता यात दोन मोठी भोकं आहेत. एक म्हणजे लैंगिक गुन्हे, पॉक्सो (लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) वगैरे संवेदनशील एफआयआर अपलोडच होत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, पण म्हणून बाईमाणसासाठी रस्ता कसा आहे ते या यादीत कळत नाही. दुसरं म्हणजे बरंच काही नोंदवलंच जात नाही. माझा मोबाईल बाईकवरून आलेल्या दोघांनी हातातून ओढून नेला होता आणि मला चौकीत 'गहाळ' असा दाखला लिहून दिला, मी पण दमलेले, घेऊन आले. म्हणजे माझी घटना कुठल्याच आकड्यात नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर हिसकावला असंच लिहा म्हणून अडून बसा. हद्द आमची नाही म्हणाले तरी झिरो एफआयआर, म्हणजे कुठल्याही ठाण्यात नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा एफआयआर, घ्यावा लागतो, कॉपी फुकट मिळते, आणि घेतच नसतील तर उपायुक्तांकडे लेखी तक्रार पाठवता येते.

म्हणून तिसरं काम, पायी जाऊन बघणं. एजंट दुपारी घर दाखवतो, तुम्ही ज्या वेळेला घरी येणार त्या वेळेला जा. आम्ही दोघी रात्री अकराला बसस्टॉपपासून गेटपर्यंत चालत गेलो, एकदा बुधवारी, एकदा शनिवारी. पहिल्या घराला दिवे होते, पण झाडाच्या फांद्यांनी झाकलेले, खाली मिट्ट काळोख, आणि एका बाजूला पत्रे लावलेला लांबच लांब मोकळा प्लॉट. रिक्षावाला आत यायला नाही म्हणाला, तेव्हाच ते घर बाद केलं. दुसरीकडे मेडिकल उघडं होतं, भजीची गाडी आवरत होती, बायका जेवून शतपावलीला निघालेल्या. त्यातल्याच एका काकूंना विचारलं, त्यांनी दहा मिनिटांत सगळं सांगितलं, कुठल्या कोपऱ्यावर पोरं पित बसतात ते पण. इस्त्रीवाले, मेडिकलवाले, काकू, यांनाच विचारा. भाडं दीड हजार जास्त पडतंय पण घर तेच घेतलं.

राहायला गेल्यावर: ११२ फोनमध्ये सेव्ह करा, आपल्या बीटच्या (चौकीच्या हद्दीतला आपला भाग) अंमलदारांचा नंबर चौकीतून मागून घ्या, ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३०. बंद दिव्याची तक्रार करताना खांबावरचा नंबर द्या, नाहीतर माणूस शोधत बसतो. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना बजावून सांगा की "पुढे चेकिंग चालू आहे, दागिने काढून पिशवीत ठेवा" असं खरे पोलीस रस्त्यात कधीच सांगत नाहीत, या एका वाक्याने किती बायकांच्या पाटल्या गेल्यात.

आणि सोसायटीत कॅमेरे असतील तर सेक्रेटरींकडे जाऊन स्क्रीन एकदा स्वतः बघा. बहिणीच्या सोसायटीत डीव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं, आणि गेटचा कॅमेरा इतका वर की फक्त डोकी दिसत होती, चेहरा नाही. घड्याळ तिथल्या तिथे लावून घेतलं, कॅमेरा खाली घ्यायला आठवडा गेला. रेकॉर्डिंग किती दिवस राहतं तेही विचारा, कारण हार्डडिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, काही झालं तर त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढून ठेवायचं.