होडी तरंगते हो, प्रश्न कलंडायचा असतो

मागच्या वर्षीचं कालनिर्णय रद्दीत टाकू नका, पावसाळ्यापर्यंत पलंगाखाली ठेवा. होडीला पेपरचा कागद कामाचा नाही, तो पाणी पितो आणि पाच मिनिटांत लगदा होतो, कॅलेंडरचा कागद त्यामानाने गुळगुळीत आणि जाड असतो, भरपूर टिकतो. आमच्याकडे पहिल्या पावसाला जी होडी सोडली तिच्या पोटावर आईच्या अक्षरात "दूध खाडा" लिहिलेलं होतं, म्हणजे जूनच्या १४ तारखेचा खाडा पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये गटाराकडे निघालेला.

घडी बहुतेकांना येते, तरी पटकन सांगतो. आयताकृती कागद मधे दुमडायचा, दुमड वर. वरचे दोन कोपरे मधल्या रेषेवर आणले की डोंगर तयार होतो, खाली दोन पट्ट्या उरतात, एक पुढून वर आणि दुसरी मागून वर. झाली टोपी. इथे मुलं दहा मिनिटं ती टोपी घालून घरभर फिरतात, फिरू द्या, घाईला काय आहे. मग टोपीच्या पोटात दोन्ही अंगठे घालून ती उघडायची आणि आडव्या बाजूने चपटी करायची, चौकोन होतो. पट्ट्यांचे कोपरे एकमेकांत खोचून घ्या, नाहीतर पुढे सगळं सुटतं. चौकोनाचं उघडं टोक पुढून अर्धं वर, मागून अर्धं वर, पुन्हा त्रिकोण. पुन्हा अंगठे घालून चौकोन. आता वरच्या टोकाला जे दोन कान दिसतात ते धरून हळूच बाहेर ओढायचे. लहान मुलांचा कागद फाटतो तो हमखास याच ठिकाणी, कारण ती जोरात ओढतात. त्यांना म्हणायचं, केळं सोलतोस ना तसं. आमच्या भाच्याला हे लगेच कळलं, त्याआधी मी "सावकाश, सावकाश" म्हणून घसा कोरडा केला होता.

आता मेण. साधी पांढरी मेणबत्ती घ्यायची आणि घडी घालायच्या आधीच कागदाच्या दोन्ही बाजूंना दाबून घासायची, कारण कुठली बाजू बाहेर येणार ते आधी लक्षात येत नाही. होडी झाली की बुडाच्या कडांवर परत एकदा घासा. दुमडीवर मेण तडकतं आणि पाणी शिरतं ते नेमकं तिथूनच. वितळवलेलं मेण ब्रशने लावायचं वगैरे सल्ले देणारे असतात, मुलं आजूबाजूला असताना मी तरी नाही करणार ते.

एवढं करून होडी पाण्यात सोडली, छान तरंगली, आणि वारा आला की आडवी. सगळ्यांचं हेच होतं, आणि लोकांना वाटतं कागद खराब होता. कागद ठीक असतो, वजन वर असतं. मधला त्रिकोण उंच, त्याच्यावर मुलाने झेंडा लावलेला, झेंड्यावर स्टिकर, मग ती आडवी नाही होणार तर काय. एक रुपयाचं नाणं घ्या, मधल्या त्रिकोणाच्या खाली बुडाशी टेपने चिकटवा. बस. आता फुंकर मारा, होडी डुलेल आणि परत सरळ होईल. लेकीला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती म्हणाली "बाबा, वजन टाकल्यावर बुडायला पाहिजे ना?" आणि खरंच, इथेच सगळी गंमत आहे.

तिचा हा प्रश्न सोडवायला स्वयंपाकघरातला फॉइल काढा. १४ सेंटीमीटरचा चौकोनी तुकडा कापायचा आणि तसाच दुसरा तुकडा चुरगळून दाबून दाबून गोळी करायची, आत हवा राहता कामा नये. गोळी बुडते. तोच फॉइल चारी बाजूंनी ३ सेंटीमीटर वर दुमडून ट्रे केला की तरंगतो, कोपरे कापायचे नाहीत हं, चिमटीत धरून बाजूला दुमडायचे, कापले की गळती. आता त्यात एकेक नाणं. बूड ८ गुणिले ८, उंची ३, म्हणजे १९२ घनसेंटीमीटर, तेवढं पाणी बाजूला सारलं की १९२ ग्रॅम वजन पेललं जातं. २०११ च्या मालिकेतलं रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आहे, म्हणजे हिशोबाने ५० नाणी मावायला हवीत. आमचा रेकॉर्ड ३७. कारण भाच्याने सगळी नाणी एका कोपऱ्यात टाकली आणि ट्रे तिकडून पाणी प्यायला. नाणी मधे, मग चारी बाजूंना सारखी, असं रचलं तर आकडा वाढतो. हा खेळ परातीत करा, बाथरूममध्ये बादलीवर नको, लहान मूल बादलीशी एकटं सोडायचं नसतंच, दोन मिनिटंसुद्धा नाही. आणि रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यात, विशेषतः पायाला जखम असेल तर, मुलांना उतरू देऊ नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) नावाचा आजार होतो त्यातून.

माझी स्वतःची आवडती होडी मात्र सोडणाची. नारळ सोलल्यावर उरतं ते सोडण. कोकणात चुलीला किंवा भांडी घासायला जातं, मुंबईत मंदिराबाहेर नारळवाल्याकडे फुकट मिळतं, मागितलं तर तो आधी संशयाने बघतो. लांबट सोडण मुळातच होडीच्या आकाराचं असतं, काही करायचं नाही. खराट्याचा हीर मोडून मधे खुपसायचा, काथ्यात घट्ट बसतो, डिंक लागत नाही. शिडाला बदामाचं पडलेलं मोठं पान, हीर पानात खालून एकदा आणि वरून एकदा टोचून घालायचा, म्हणजे पान फुगून उभं राहतं. पण शीड उंच आणि सोडण अरुंद, म्हणजे पुन्हा तेच, कलंडणार. याला आमच्याकडे उत्तर तयार आहे. कोकणातल्या छोट्या होड्यांना एका बाजूला लांब दोन आडव्या काठ्यांवर बांधलेलं लाकूड असतं, त्याला उलांडी म्हणतात. होडी त्या बाजूला कलायला लागली की उलांडी पाण्याला टेकून तिला धरते, दुसऱ्या बाजूला कलली तर उलांडीचं वजन तिला परत आपल्याकडे ओढतं. सोडणाला दोन हीर आडवे खुपसा, त्यांच्या टोकाला सोडणाचाच एक बारीक तुकडा बसवा, एक वीत लांब. झाली उलांडी. आमच्या सोसायटीच्या टाकीत ही होडी वाऱ्यावर सुसाट गेली आणि पलीकडच्या भिंतीला आपटली, पण उलटली नाही.

ज्यांना वाऱ्याची वाट बघायची नाही त्यांच्यासाठी रबराची बोट. दोन रिकाम्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या, बूच घट्ट लावून, शेजारी शेजारी टेपने बांधा. एकच घेतली तर ती पाण्यात लोळते, आत वाळू भरली तरी वाळू एका बाजूला सरकते, मी हे सगळं करून बसलोय, तुम्ही सरळ दोन घ्या. दोन्ही बाहेरच्या बाजूंना एकेक चॉपस्टिक किंवा कबाबची काडी टेपने पक्की करायची (टोकदार टोक आधी कापा), मागे ७-८ सेंटीमीटर बाहेर आली पाहिजे. त्या दोन काड्यांमध्ये, बाटल्यांपासून साधारण ५ सेंटीमीटरवर, रबरबँड ताणून बसवा. श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून ६ बाय ४ सेंटीमीटरचं पातं कापा आणि रबराच्या दोन पदरांच्या मधोमध अडकवा. पातं लांब झालं तर ते बाटलीला खटखट आपटतं आणि बोट जागेवर थरथरते, पहिल्यांदा सगळ्यांचं तसंच होतं, थोडं कापा. मग चावी. पातं खालून बोटीकडे आणि वरून मागे असं फिरवायचं, वीसेक वेढे, पाण्यात ठेवून सोडायचं. सुटताना पात्याचा खालचा भाग पाणी मागे ढकलतो, बोट पुढे. उलटे वेढे दिले तर बोट रिव्हर्समध्ये तुमच्या अंगावर येते, मुलांना हेच जास्त आवडतं. काड्या आत वाकत असतील तर मागच्या बाजूला एक आडवी काडी बांधा, पण पात्याला लागणार नाही अशी.

घरात टाकी नाही, टब नाही, तर कापूर. दुधाच्या टेट्रापॅकचा ३ सेंटीमीटरचा होडीच्या आकाराचा तुकडा, मागे छोटी खाच, खाचेत कापराचा कण असा बसवायचा की तो पाण्याला टेकेल. स्वच्छ परातीत सोडली की आपली आपण पळते. कापरामुळे मागच्या पाण्याचा ताण कमी होतो आणि पुढचं पाणी तिला ओढून घेतं. परातीला तेलाचा किंवा साबणाचा अंश असेल तर ढिम्म हलत नाही, आमची पहिली परात आदल्या दिवशीच्या पुऱ्यांची होती, मी तीन वेळा होडीच बदलत बसलो. कापूर मात्र मोठ्यांनी हाताळायचा आणि वर ठेवायचा, पोटात गेला तर विष आहे.

पावसाळा संपला की एक होडी उरते, केळीच्या सोपटाची, म्हणजे खांबाच्या सालीची. बाजारात केळीचे खांब विकायला येतात तेव्हा एक घ्यायचा, सोपट वीतभर कापायचं, दोन्ही टोकं चिमटून हीर टोचायचा. आत हवेचे कप्पे असतात त्यामुळे ते बुडतच नाही. यात दिवा सोडतात. ओडिशात कार्तिक पौर्णिमेला पहाटे अशाच सोपटाच्या होड्या पाण्यात सोडतात, बाली-जावाला जाणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यांची आठवण म्हणून, आणि त्याच पौर्णिमेला, आपल्या त्रिपुरारीला, गोव्यात साखळीच्या विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत हाताने केलेल्या होड्यांची स्पर्धा असते, तिथल्या होड्या बघितल्या तर माझ्या रबराच्या बोटीचा उल्लेख करायची लाज वाटेल. पणती सोपटाच्या पोटात अगदी खाली, ओल्या मातीवर बसवा, कडेवर आडवी काडी टाकून तिच्यावर ठेवू नका. आणि शेपटाला दोरा बांधा. मागच्या वर्षी तलावावर आम्ही बांधला नव्हता, होडी मस्त सरळ गेली, न कलंडता, आणि लेक काठावर पाऊण तास "आता वळेल" म्हणत उभी होती.