रक्ततपासणी आणि वनौषधी : या चुका टाळा

रक्ततपासणीचा अहवाल अनपेक्षित आला की संशय एक तर आजारावर जातो, नाही तर प्रयोगशाळेवर. रोज घेतल्या जाणाऱ्या चूर्णाचा किंवा अर्काच्या कॅप्सूलचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. वनौषधींचा अहवालावर तीन मार्गांनी परिणाम होतो. कधी वनस्पतीतील घटक तपासणीच्या प्रक्रियेतच ढवळाढवळ करतो आणि आकडा खोटा येतो. कधी शरीरात खरोखरच बदल घडतो आणि आकडा अगदी खरा असतो. तर कधी ती वनस्पती चालू असलेल्या दुसऱ्या औषधाची रक्तातील पातळी बदलते. या तिन्ही प्रसंगी करायची कृती वेगळी असते, म्हणून त्यांची गल्लत करणे ही या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

पहिली चूक मात्र त्याही आधी घडते. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारल्यावर रुग्ण रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगतो आणि थांबतो, कारण झाडपाल्याला तो औषध मानत नाही. म्हणून विचारणाऱ्याने चूर्ण, काढा, अर्क यांविषयी वेगळे विचारावे, आणि रुग्णाने उत्पादनाचे वेष्टन सोबत न्यावे; कारण मूळ, पान की बी, किती मात्रेत आणि शेवटचे केव्हा घेतले, यावर पुढचा अर्थ अवलंबून असतो.

खोट्या आकड्याचे चांगले अभ्यासले गेलेले उदाहरण डिगॉक्सिनचे आहे. हृदयविकारात दिल्या जाणाऱ्या या औषधाची उपयुक्त पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे असल्यामुळे ती रक्तात मोजावी लागते, आणि त्यासाठी वापरली जाणारी इम्युनोअ‍ॅसे पद्धत प्रतिपिंडांवर चालते. प्रतिपिंड रेणूला ओळखतात ते त्याच्या ठेवणीवरून. कण्हेरीतील ओलिअँड्रिनची ठेवण डिगॉक्सिनशी इतकी मिळतीजुळती असते की काही पद्धतींतील प्रतिपिंड त्यालाही धरतात, आणि ज्याने डिगॉक्सिनची एकही गोळी घेतलेली नाही त्याच्या रक्तातही ते असल्याचे दिसते. तो आकडा कमी दिसला म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे. कण्हेर अत्यंत विषारी असून विषबाधेची तीव्रता त्या आकड्यावरून ठरत नाही. कॅनडात १९९६ मध्ये नोंदवलेल्या एका प्रकरणात सायबेरियन जिनसेंग म्हणून विकले जाणारे उत्पादन घेणाऱ्या ७४ वर्षांच्या रुग्णाची डिगॉक्सिन पातळी वाढलेली आढळली, पण विषबाधेची लक्षणे मात्र नव्हती. लक्षणे आणि आकडा यांचा असा मेळ बसत नसेल, तर केवळ आकड्यावरून औषधाची मात्रा बदलू नये. तोच नमुना वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या पद्धतीने, शक्य असल्यास मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणू त्याच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या पद्धतीने), पुन्हा तपासावा.

केसांसाठीच्या अनेक ‘हर्बल’ गोळ्यांत बायोटिनही घातलेले असते. बायोटिन ही वनस्पती नव्हे, ते जीवनसत्त्व आहे. तरीही मोठ्या मात्रेत घेतल्यास काही पद्धतींत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) खोटे कमी आणि टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) खोटे जास्त येऊन थायरॉइडचे काम वाढल्याचे चित्र उभे राहते. थायरॉइडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

यावरून कोणतीही वनौषधी दोन दिवस थांबवली की पुरे, असा समज करून घेणे ही पुढची चूक. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनमुळे मूत्रपिंडातील एका विकराचे (एन्झाइमचे) काम अडते, कॉर्टिसॉल हे संप्रेरक शरीरातील क्षार-पाण्याचा तोल सांभाळणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकासारखे वागू लागते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. हा आकडा खोटा नसतो. रेनिन (रक्तदाबाच्या नियमनातील एक विकर) व अल्डोस्टेरॉन यांची तपासणी करायची असेल तर ज्येष्ठमध किमान चार आठवडे आधी बंद करावे लागते. रात्रभरच्या उपवासाने येथे काहीही साधत नाही.

याच्या उलट चूक मला अधिक काळजीची वाटते. एएलटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारे विकर) वाढलेले दिसले की ‘ते त्या चूर्णामुळे वाढलेले दिसते, खरे नाही’ अशी समजूत काढली जाते. हिरव्या चहाचा संहत अर्क, अश्वगंधा, तसेच मिरीतील पायपरिन मिसळलेली हळदीची उत्पादने यांमुळे काही जणांच्या यकृताला प्रत्यक्ष इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अशा वेळी वाढलेले एएलटी इजेची खरी सूचना असू शकते. म्हणून उत्पादन ताबडतोब थांबवून बिलिरुबिनसह (काविळीत वाढणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्यासह) तपासणी पुन्हा करावी आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

तिसऱ्या मार्गाचे ठळक उदाहरण म्हणजे नैराश्यासाठी घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती. तिच्यामुळे औषधांचे विघटन करणारे यकृतातील विकर वाढतात आणि सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस (रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिली जाणारी औषधे) आणि वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे औषध) यांची पातळी घसरते. हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांमध्ये यामुळे नव्या हृदयाचा अस्वीकार सुरू झाल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. येथे प्रयोगशाळेने दिलेला आकडा बरोबरच असतो. चूक होते ती कारण न शोधता औषधाची मात्रा वाढवत जाण्यात, आणि वनस्पतीचा उलगडा झाल्यावर ती परस्पर बंद करण्यात. ती थांबवल्यावर विकरांचे वाढलेले काम साधारण दोन आठवड्यांत ओसरते आणि वाढवलेली मात्रा तशीच राहिली तर औषधाची पातळी धोकादायक उंचीवर जाते, म्हणून त्या काळात आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) किंवा औषधाची पातळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वारंवार तपासत राहावी लागते.