थिन फिल्ममधला स्ट्रेन आणि चुंबकत्व: या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

पीएच.डी.साठी ‘स्ट्रेनचा चुंबकीय गुणधर्मांवर होणारा परिणाम’ हा विषय हाती आला की सुरुवातीला तो फार सरळ वाटतो. स्ट्रेन म्हणजे स्फटिकाचे जालक ताणले किंवा दाबले जाणे. जालक-स्थिरांकांचा (स्फटिकातल्या अणुरचनेच्या एककाच्या लांबीचा) तक्ता उघडायचा, दोन-तीन सबस्ट्रेट, म्हणजे थर ज्यावर वाढवतात ते स्फटिक, निवडायचे, त्यांवर एकाच पदार्थाचे थर वाढवायचे, क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसे होते ते तापमान, मोजायचे आणि आलेख काढायचा, एवढेच काम दिसते. प्रत्यक्षात आलेखावरचा प्रत्येक बिंदू स्ट्रेनमुळेच तिथे पडला आहे हे सिद्ध करण्यात माझ्या संशोधनाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत जड गेलेला भाग खर्ची पडला. ज्यांना हे काम आता सुरू करायचे आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

मी ज्यावर काम केले तो पदार्थ एलएसएमओ, म्हणजे लॅन्थेनम-स्ट्राँशियम मँगनाइट. त्याचा जालक-स्थिरांक सुमारे 3.88 अँगस्ट्रॉम आहे. स्ट्राँशियम टायटनेटचा, म्हणजे एसटीओचा, 3.905 आणि लॅन्थेनम ॲल्युमिनेटचा, म्हणजे एलएओचा, सुमारे 3.79 आहे. त्यामुळे एसटीओवर हा थर पाऊण टक्क्याच्या आसपास ताणला जातो आणि एलएओवर दोन टक्क्यांहून अधिक दाबला जातो. ताणलेल्या थरात चुंबकन थराच्या प्रतलात राहणे पसंत करते, तर दाबलेल्या थरात ते प्रतलाला लंब उभे राहू पाहते. ईझी ॲक्सिसमधला, म्हणजे चुंबकनाच्या पसंतीच्या दिशेतला, हा बदल खात्रीशीर आहे आणि तो पहिल्यांदा स्वतःच्या मापनात दिसतो तेव्हा होणारा आनंदही खरा असतो. क्युरी तापमानाचे मात्र तसे नाही, आणि सापळा तिथेच आहे.

ठोकळ्याच्या रूपातल्या एलएसएमओचे क्युरी तापमान साधारण 360 ते 370 केल्विन असते. समजा, तुमच्या थराचे 310 केल्विन आले. ‘स्ट्रेनमुळे घटले’ हे वाक्य लिहायला अत्यंत सोपे आहे आणि बऱ्याचदा ते चुकीचे असते. थरात ऑक्सिजन कमी पडला असेल तरी नेमके हेच दिसते. ऑक्सिजनचा एक अणू जागा सोडून गेला की दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात आणि मँगनीजचे काही चतुःसंयुजी आयन त्रिसंयुजी होतात. ज्या डबल एक्स्चेंजवर, म्हणजे या दोन प्रकारच्या आयनांमधल्या इलेक्ट्रॉनच्या ये-जा करण्यावर, या पदार्थाचे चुंबकत्व उभे आहे ते त्यामुळे दुबळे पडते. शिवाय त्रिसंयुजी आयन आकाराने मोठा असल्यामुळे जालक फुगते. म्हणजे ऑक्सिजनची उणीव क्युरी तापमानही घटवते आणि जालक-स्थिरांकही बदलते. नवखा संशोधक जालक-स्थिरांक बदललेला पाहतो, क्युरी तापमान घटलेले पाहतो आणि दोहोंचा संबंध स्ट्रेनशी लावून मोकळा होतो. यात मी किती काळ अडकून पडलो होतो ते आजही विसरता येत नाही, म्हणून हा मुद्दा थोडा लांबवून सांगतो.

एसटीओवर थर प्रतलात ताणला गेला की उभ्या दिशेने तो आखडायला हवा, आणि उभा जालक-स्थिरांक 3.85 अँगस्ट्रॉमच्या आसपास यायला हवा. तो 3.88 किंवा त्याहून जास्त येत असेल, तर आधी ऑक्सिजनवर संशय घ्या. एलएओवर हा निकष चालत नाही, कारण तिथे दाबामुळेही उभा स्थिरांक वाढतो आणि ऑक्सिजनच्या उणिवेमुळेही वाढतो. दोन्ही कारणे एकाच बाजूला ओढतात आणि एक्स-रेवरून ती वेगळी करता येत नाहीत. म्हणून कोणी काहीही म्हणो, सुरुवात एसटीओवरच करा. थर वाढवून झाल्यावर चेंबरमधला ऑक्सिजनचा दाब काही शे टॉरपर्यंत वाढवून मगच तो सावकाश थंड करा. त्यानंतर त्याच नमुन्याचा अर्धा तुकडा ऑक्सिजनच्या प्रवाहात सुमारे 700 अंश सेल्सिअसला काही तास तापवा आणि दोन्ही तुकडे पुन्हा मोजा. प्रतलातला स्थिरांक जसाच्या तसा राहून क्युरी तापमान वर सरकले, तर आधीची घट स्ट्रेनची नव्हती. आणखी एक गुंता आहे: ताणलेल्या मँगनाइटमधून ऑक्सिजन निसटणे सोपे जाते, असे सैद्धांतिक गणिते दाखवतात, म्हणजे ही दोन कारणे मुळातच एकमेकांत गुंतलेली आहेत. यामुळे घाबरून जाऊ नका. हा गुंता सगळ्यांनाच सोडवावा लागतो आणि पद्धतशीर काम केले की तो सुटतो.

जाडीची मालिका करताना असाच धोका आहे. काही नॅनोमीटर जाडीच्या थरात चुंबकत्व स्ट्रेनशिवायही मंदावते, आणि जाडी वाढली की स्ट्रेन सैल होऊ लागतो. एकाच वेळी दोन गोष्टी बदलणाऱ्या मालिकेवरून एका गोष्टीचा निष्कर्ष काढू नये. थर सबस्ट्रेटला धरून आहे की सैलावला आहे हे थीटा-टू-थीटा या नेहमीच्या एक्स-रे स्कॅनवरून कळत नाही, कारण त्यात फक्त उभी दिशा दिसते. त्यासाठी (103) या तिरक्या परावर्तनाभोवती रेसिप्रोकल स्पेस मॅप, म्हणजे उभी आणि प्रतलातली अशा दोन्ही दिशा दाखवणारा एक्स-रे नकाशा, घ्यावाच लागतो. ‘नंतर घेऊ’ म्हणून तो टाळणे हा या क्षेत्रातला सर्वांत महागात पडणारा शॉर्टकट आहे, असे माझे ठाम मत आहे.

मापनाबद्दल थोडक्यात सांगतो. 5 मिलिमीटर चौरसाच्या आणि 20 नॅनोमीटर जाडीच्या थराचे एकूण चुंबकीय आघूर्ण सुमारे 3 × 10⁻⁴ ईएमयू भरते, आणि 5 टेस्लाच्या क्षेत्रात खालच्या एसटीओचा प्रतिचुंबकीय प्रतिसादही जवळपास तेवढाच असतो. निओडिमियम गॅलेट एलएसएमओशी जालकाने छान जुळते, पण निओडिमियम स्वतः अनुचुंबकीय असल्यामुळे कमी तापमानाला तुमचा थर त्या सिग्नलमध्ये बुडून जातो. स्टीलच्या चिमट्याने कडेला लागलेले लोखंडाचे कण आणि सबस्ट्रेटच्या मागे राहिलेली सिल्व्हर पेस्ट यांकडे दुर्लक्ष करू नका. प्लॅस्टिकचा चिमटा वापरा आणि मागची बाजू पूर्ण साफ झाल्याशिवाय नमुना स्क्विडमध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म चुंबकीय आघूर्ण मोजणाऱ्या उपकरणात, घालू नका. आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना कमी तापमानाच्या चुंबकीय मापनासाठी इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्रावर अवलंबून राहावे लागते. तिथे मिळालेला स्लॉट अस्वच्छ नमुन्यावर वाया गेला की पुढच्या स्लॉटपर्यंत काम थांबते.

स्ट्रेनचा परिणाम स्वच्छपणे वेगळा काढायचा असेल, तर एकाच थरावर स्ट्रेन बदलता आला पाहिजे. पीएमएन-पीटी या पिझोइलेक्ट्रिक स्फटिकावर वाढवलेल्या थराला व्होल्टेज देऊन 0.1 टक्क्याच्या घरात स्ट्रेन बदलता येतो, आणि त्यात ऑक्सिजन व जाडी तीच राहते. बेरियम टायटनेटवर तर नुसते तापमान बदलले तरी पुरते: सुमारे 278 आणि 183 केल्विनला त्याची स्फटिकरचना बदलते आणि वरच्या थराच्या चुंबकनात तिथेच उडी दिसते.

सिनियरच्या वहीतली रेसिपी जरूर घ्या, परंतु तिच्यातला प्रत्येक आकडा का निवडला हे विचारा, आणि उत्तर मिळाले नाही तर तो आकडा स्वतः तपासा. चांगला गाईड मला तोच वाटतो जो सजवलेल्या आलेखाआधी कच्चा डेटा मागतो. तसा गाईड मिळाला नाही तर दर महिन्याला स्वतःचा कच्चा डेटा गटातल्या कोणाला तरी दाखवण्याची सवय लावून घ्या.

पीएलडी (लेसरच्या स्पंदांनी थर वाढवण्याची यंत्रणा) किंवा स्क्विड यांपैकी काहीच हाताशी नसेल, तरी विषय सोडून देण्याची गरज नाही. पॉलिइमाइडच्या लवचिक पट्टीवर निकेलचा थर द्या आणि ती माहीत असलेल्या त्रिज्येच्या नळीवर वाकवून प्रकाशीय केर (Kerr) परिणामाने, म्हणजे चुंबकित पृष्ठभागावरून परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणात होणाऱ्या बदलावरून, हिस्टेरिसिस (क्षेत्र फिरवताना चुंबकन कसे मागे रेंगाळते ते) मोजा. स्ट्रेन म्हणजे पट्टीची जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. निकेलचे मॅग्नेटोस्ट्रिक्शन (चुंबकनामुळे लांबीत होणारा बदल) ऋण, सुमारे उणे 34 दशलक्षांश असल्यामुळे ताणाच्या दिशेने चुंबकन करणे अवघड होते. 0.1 टक्का स्ट्रेनला त्याचे ॲनिसोट्रॉपी क्षेत्र, म्हणजे अवघड दिशेला चुंबकन पूर्ण वळवायला लागणारे क्षेत्र, सुमारे 40 मिलिटेस्ला येते, म्हणजे साध्या विद्युतचुंबकातही ते सहज दिसेल. शेजारी तेवढ्याच जाडीचा 80 टक्के निकेलच्या आसपासचा परमॅलॉयचा थर ठेवा. त्याचे मॅग्नेटोस्ट्रिक्शन जवळपास शून्य असते. तोही वाकवल्यावर तितकाच बदलला, तर तुमच्या मांडणीत स्ट्रेनखेरीज आणखी काहीतरी बदलत आहे आणि निकेलच्या आकड्यावर तोपर्यंत विश्वास ठेवता येणार नाही.