घरी डेव्हलपर मुरवताना आणि रिप्लेनिश करताना या चुका टाळा

ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घरी धुणारे बरेच जण डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण) एकदा वापरतात आणि ओतून देतात. महिन्याकाठी एखादाच रोल होत असेल तर तेच योग्य. पण रोल नियमित होत असतील तर एकच बाटली मुरवून, प्रत्येक रोलमागे ठरावीक ताजं द्रावण घालत, म्हणजेच रिप्लेनिश करत, ती चालवणं स्वस्त पडतं. शिवाय एक्सटॉल या कोडॅकच्या डेव्हलपरची मुरल्यावर येणारी निगेटिव्ह मला ताज्यापेक्षा जास्त आवडते. ग्रेन (फोटोतले बारीक कण) मऊ येतो आणि उन्हातले पांढरे भाग आटोक्यात राहतात.

यात बिघडतं ते बहुधा हिशोबात, म्हणून आधी बाटलीत काय घडतं ते पाहू. फिल्मवरच्या सिल्व्हर ब्रोमाइडची चांदी होते तेव्हा ब्रोमाइड सुटून डेव्हलपरमध्ये येतं आणि पुढच्या रोलचं डेव्हलपिंग मंदावतं. त्याच वेळी डेव्हलपिंग करणारी रसायनं खर्च होतात आणि अल्कली घटते. ताज्या द्रावणाने ही रसायनं आणि अल्कली भरून निघतात. ब्रोमाइड मात्र बाटलीतून बाहेर पडायचा मार्ग एकच, तो म्हणजे जुनं द्रावण फेकणं. जितकं ब्रोमाइड येतं तितकंच जाऊ लागलं की डेव्हलपर स्थिरावतो, म्हणजेच मुरतो.

ओतण्याचा क्रम उलटा करणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. रोल झाला की फिल्म धुण्याच्या टाकीतला डेव्हलपर आधी बाटलीत परत ओतायचा आणि वर जेवढी जागा उरेल तेवढं ताजं भरायचं, असं अनेक जण करतात. पण ओल्या फिल्मबरोबर आणि रीळाबरोबर जेमतेम थोडे मिलिलिटर गेलेले असतात, म्हणून ताजं द्रावणही तेवढंच आत जातं. एक्सटॉलला दर रोलमागे ७० मिली लागतं. पाच-सहा रोलपर्यंत फरक डोळ्याला कळत नाही, मग निगेटिव्ह पातळ होऊ लागतात आणि दोष कॅमेऱ्याच्या मीटरवर जातो.

बरोबर क्रम असा: एक लिटरच्या बाटलीतून टाकीपुरता डेव्हलपर काढा. फिल्म टाकीत असतानाच बाटलीत ७० मिली ताजं एक्सटॉल मोजून घाला. मग वापरलेला डेव्हलपर बाटली काठोकाठ भरेपर्यंत परत ओता आणि उरलेला टाकून द्या. ‘वाया जातंय’ म्हणून ते उरलेलं दुसऱ्या बाटलीत जमवू नका आणि मोठी बाटलीही घेऊ नका. ते टाकलं नाही तर ब्रोमाइड साचतच राहील.

७० मिलीचा हिशोब ८० चौरस इंच फिल्मचा आहे. ३६ फोटोंचा एक ३५ मिमी रोल, एक १२० रोल किंवा ४×५ इंचाचे चार शीट म्हणजे एवढंच क्षेत्र होतं. टाकीत दोन रोल असतील तर १४० मिली.

महत्त्वाचा रोल पहिल्याच दिवशी घालणं

नव्या बाटलीतला डेव्हलपर जास्त जोरकस असतो, त्यामुळे पहिले काही रोल थोडे गडद येतात. रामकुंडावरच्या पहाटेचे किंवा घरातल्या लग्नाचे रोल त्यात घालू नका. आधी पंचवटीत, भाजीबाजारात काढलेले साधे रोल होऊ द्या. मुरलेल्या बाटलीला ताज्या एक्सटॉलपेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. तो किती, हे तुमच्या फिल्मवर एकदा ठरवा आणि मग सारखा बदलू नका.

चुकीचं द्रावण घालणं

एक्सटॉलमध्ये एक्सटॉलच घालतात. डी-७६ या दुसऱ्या डेव्हलपरचं तसं नाही, त्याचा रिप्लेनिशर (भर घालायचं द्रावण) वेगळा, डी-७६आर. डी-७६ मध्ये लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम असतं. डी-७६आर मध्ये सल्फाइट तेवढंच, पण मेटॉल ३, हायड्रोक्विनोन ७.५ आणि बोरॅक्स थेट २० ग्रॅम. खर्च झालेली अल्कली या बोरॅक्समधून परत मिळते. घरी मिसळणार असाल तर हातमोजे घाला, मेटॉलने अनेकांच्या त्वचेला ॲलर्जी होते. आणि १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) पातळ केलेला डेव्हलपर बाटलीत कधीच परत नको, तो एकदाच वापरायचा.

नाशिकचं पाणी, नाशिकची भांडी

नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, काही सोसायट्यांत त्यात बोअरचंही मिसळतं. एक्सटॉलमध्ये ॲस्कॉर्बेट असतं आणि लोह किंवा तांबं अगदी थोडं असलं तरी ते लवकर मरतं. द्रावण आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात बनवा. आपल्या घरात तांब्या-पितळेची भांडी हाताशीच असतात, पण या कामासाठी ती वर्ज्य. स्टील, काच किंवा प्लास्टिकच घ्या. स्क्रू-झाकणाच्या वाइनच्या बाटल्या इथे सहज मिळतात. ताजा साठा त्यांत काठोकाठ भरून ठेवता येतो, कमी पडलं तर काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणा. बाटलीवर ठळक ‘विष’ लिहा आणि ती फ्रिजमध्ये ठेवू नका.

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापलेलं असतं, तर जानेवारीत पहाटे तेच बर्फासारखं. प्रत्येक वेळी वेगळ्या तापमानाला काम केलं तर डेव्हलपर बिघडला की पाणी, हे कळायला मार्ग राहत नाही. बादलीत बर्फ किंवा गरम पाणी घालून २० अंश सेल्सिअस साधा. उन्हाळ्यात ते जमत नसेल तर २४ अंश कायम धरा, मात्र वेळ पाच मिनिटांखाली गेला तर डेव्हलपिंग असमान होतं.

निगेटिव्ह बिघडली तर

निगेटिव्ह पातळ दिसली की आधी फिल्मच्या कडेचे छापील आकडे आणि अक्षरं पाहा. ती नीट काळी असतील आणि फोटोच पातळ असतील तर एक्स्पोजर कमी पडलं. अक्षरंही फिकी असतील तर डेव्हलपर कमजोर झालाय, किंवा वेळ-तापमान चुकलंय. वेळ-तापमान बरोबर असेल तर दर रोलमागे दहा मिली वाढवून पाहा.

तळाशी काळा गाळ दिसला तर घाबरू नका, ती विरघळून परत बसलेली चांदी आहे. कॉफीच्या फिल्टरमधून गाळा. काही फिल्मांचा रंग उतरून द्रावण गुलाबी-जांभळं होतं, तेही चालतं. पण फिल्मवर धातूसारखी झाक किंवा धुरकटपणा आला तर फिक्सर (डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणारं द्रावण) मिसळल्याची शंका घ्या. रीळ आणि मोजपात्रं नीट धुतली नाहीत की हे होतं. अशी बाटली वाचवत बसू नका. प्री-सोक करत असाल, म्हणजे डेव्हलपरआधी फिल्म पाण्यात भिजवत असाल, तर पाणी पूर्ण निथळू द्या, नाहीतर दर रोलला डेव्हलपर पातळ होत जातो.

एक्सटॉल मेला तरी रंग बदलत नाही, म्हणून रंगावर विश्वास ठेवू नका. काही दिवस बाटली पडून असेल तर रोलचं उजेड लागलेलं टोक कापून नेहमीच्या वेळेपुरतं त्यात बुडवा. ते गडद काळं झालं तरच रोल टाकीत घाला. बाटलीवर चिकटपट्टी लावून प्रत्येक रोलची तारीख, फिल्म आणि घातलेले मिली लिहीत जा. कोणत्या रोलपासून बिघडलं हे त्या नोंदीतून लगेच सापडतं.