बसल्या बसल्या टीअरड्रॉप कॅम्पर कसा बांधायचा

पोलिओमुळे माझा डावा पाय लहानपणापासून कॅलिपरमध्ये, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या साच्यात आहे, आणि कुबडीचा भार घेऊन घेऊन आता खांदेही दुखतात. इथे ओहायोत कॅम्पिंगचं वेड लागलं पण तंबूत झोपलं की सकाळी जमिनीवरून उठायचं कसं हा प्रश्न दरवेळी, म्हणून शेवटी टीअरड्रॉप ट्रेलर स्वतःच बांधला. टीअरड्रॉप म्हणजे थेंबाच्या आकाराचा छोटा डबा, आत फक्त बिछाना आणि मागचं झाकण उचललं की ओटा. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक हे घरी बांधतायत, नेहमीचं माप ४ बाय ८ फूट, कारण प्लायवूडची शीट तेवढीच येते.

लाकूड आणायच्या आधी टेप घ्या आणि स्वतःला मोजा. व्हीलचेअरवरून सरकून आत जाणार असाल तर गादीचा वरचा भाग खुर्चीच्या सीटच्या लेव्हलला हवा. माझ्यासारखं कॅलिपर लॉक करून उठायचं असेल तर उलट थोडं उंचच बरं, उंच जागेवरून उभं राहायला जोर कमी लागतो. चेसिसची (खालच्या चाकांच्या लोखंडी सांगाड्याची) उंची अधिक गादीची जाडी असा हिशोब चेसिस विकत घ्यायच्या आधीच करा, नंतर काही हलत नाही. दुसरं म्हणजे दार. बऱ्याच डिझाइनमध्ये ते चाकावरच्या मडगार्डच्या डोक्यावर येतं आणि तिथे आपल्याला टेकायलाच मिळत नाही, त्यामुळे दार चाकाच्या पुढे घ्या, तळाची कड गोल न ठेवता सरळ ठेवा आणि रुंदी ३० इंच तरी ठेवाच. आत वरच्या बाजूला धरायला हँडल लागेल, त्यासाठी भिंतीच्या आत जाड लाकडाचा तुकडा आधीच बसवा, नुसत्या पातळ प्लायला धरून लटकू नका.

आता वजन. पाऊण इंची प्लायची अख्खी शीट साधारण ३० किलो, ती एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका. सरळ काप दुकानातच मारून घ्या, मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मशीनवर कापून देतात. फरशी ४ बाय ४ च्या दोन तुकड्यांत करा, खालच्या बाजूला वॉटरप्रूफिंग आधीच लावून घ्या आणि चेसिसवर ठेवून मग जोडा, म्हणजे अख्खी फरशी उलटवायची वेळच येत नाही.

बाजूच्या भिंतींचं गोल कापायचं काम मी स्टुलावर बसूनच केलं. बुटक्या टेबलावर २ इंची फोमची शीट, तिच्यावर प्लाय, आणि जिगसॉ (गोल कापायची छोटी इलेक्ट्रिक करवत) आरपार गेला तरी पातं फोममध्येच जातं, खाली सपोर्ट सरकवत बसायला नको. एक भिंत पॉलिश पेपरने नीट घासून झाली की ती दुसऱ्या प्लायला क्लॅम्पने आवळायची आणि राउटरला (लाकडाच्या कडा कापायच्या मशीनला) फ्लश ट्रिम बिट, म्हणजे खालच्या तुकड्याच्या कडेला टेकून वरची कड तशीच कापणारं पातं, लावून हुबेहूब दुसरी काढायची. फोनवर २० मिनिटांचा अलार्म लावा आणि वाजला की थांबाच, दमलो नसलो तरी. पोलिओवाल्यांनी हे मनावर घ्याच, कमजोर स्नायूंना दमेपर्यंत राबवलं तर दुसऱ्या दिवशी हात उचलत नाहीत, माझे दोन वीकेंड असेच गेले.

छताला मात्र माणसं बोलवा. ३ मिलीमीटरचा प्लाय वाकतो छान पण एका टोकाला धरून ठेवायला कोणीतरी लागतंच, आमच्याकडे दोन मित्र आले, मिसळ खाऊन दुपारपर्यंत काम झालं. रॅचेटचे पट्टे (दांडा हलवून आवळायचे पट्टे) टाकून हळूहळू आवळत गेलात की ताकद कमी लागते. छताच्या आतल्या आणि बाहेरच्या प्लायच्या मधल्या जागेत फोम भरा, पोलिओचा पाय थंडीत लवकर गार पडतो त्यामुळे इन्सुलेशनमध्ये मी अजिबात कंजूसी केली नाही. छतात १४ बाय १४ इंचाचा पंखा बसवा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, आणि आत गॅस पेटवून कधीच झोपू नका.

मागच्या झाकणाला गॅस स्ट्रट (गाडीच्या डिकीला असतात तसे उचलणारे दांडे) लावले की उघडायला सोपं, पण उघडल्यावर ते डोक्याच्या वर जातं आणि बसलेल्या माणसाचा हात पोचत नाही, त्यामुळे कडेला एक दोरी बांधून ठेवा. ओट्याखाली चेसिस असल्यामुळे गुडघे आत जात नाहीत, मी बाहेर सरकणारी फळी केली आणि पोळ्या तिच्यावरच लाटतो.

ट्रेलरच्या लाइटच्या चार वायरी: पांढरी अर्थिंगची, ब्राऊन टेल लाइट, पिवळी डावीकडचा ब्रेक आणि इंडिकेटर, हिरवी उजवीकडचा. हिचवर (गाडीला ट्रेलर जोडतो त्या जागी) येणारं वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं, म्हणजे ट्रेलर ५०० किलोचा असेल तर ५० ते ७५ किलो. कमी पडलं तर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलतो, फार धोक्याचं आहे. दार पुढे घेताना आपण चाकं मागे नेलेली असतात, त्यामुळे हे वजन वाढतं, म्हणून बॅटरी आणि पाण्याचा कॅन मागे ओट्याकडे ठेवा आणि परत मोजा. घरी बांधलेल्या ट्रेलरच्या रजिस्ट्रेशनचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे, लाकडाच्या सगळ्या पावत्या जपून ठेवा.

पहिली रात्र घरासमोरच्या ड्राइव्हवेतच झोपा. मी झोपलो तेव्हा कळलं की दिव्याचं बटण पायाकडे गेलंय आणि कुबडी दाराबाहेर, हाताला लागत नाही. आता बटण उशीपाशी आहे आणि कुबडीसाठी दाराच्या आतल्या बाजूला दोन क्लिपा.